पडद्याच्या स्प्रिंगांचा घुमारा

२२ सप्टेंबर १९७४, रविवार

ही डायरी मिलने जानेवारीत वाटली होती. साडेआठ महिने माझी बायको मनकर्णा तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवत आली, त्यामुळे पुठ्ठ्यावर गोल डाग पडले आहेत. आजपासून ती मी लिहायला घेतली, कारण जे मी बनवणार आहे ते उद्या कुणी आपल्या नावावर खपवू नये. आमच्या लूम खात्यात एकाने काही केलं की दहा जण म्हणतात, "हे मीच तुले सांगतलं होतं."

काल गणपतीच्या मांडवात मुंबईचा ऑर्केस्ट्रा ऐकला. त्यांच्या गिटारवाल्याने तार छेडली आणि ती तार मेलीच नाही. रिकाम्या गोदामात हाक मारावी तशी घुमत राहिली. माझ्या अंगावर काटा आला. माझी गिटारही पूर्वी अशीच घुमायची. मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या दांड्याने वाजवायची, विजेवरची हवाईयन गिटार. तेरा वर्षं मी ती मिलच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो आहे. पण गेल्या दोनेक वर्षांत तिच्यातला घुमारा कुणी काढून नेल्यासारखं झालं आहे. तार छेडली की टक्, आणि संपलं. तारा तीनदा बदलल्या, ॲम्प्लिफायर उघडून पुसला, शेवटी नागपूरच्या कोरड्या हवेवर खापर फोडून गप्प बसलो.

मध्यंतरात मी पडद्यामागे शिरलो. त्यांच्या माणसाने डबा उघडून दाखवला. लांबट पत्र्याचा डबा, आत ताणलेल्या दोन बारीक स्प्रिंगा. गिटारचा आवाज एका टोकाने स्प्रिंगेत शिरतो, ती थरथरते, आणि तो थरथराट दुसऱ्या टोकाने जरा उशिरा, घुमून बाहेर येतो.

"बस, इतनाच?" मी विचारलं.

"इतनाच," तो म्हणाला.

मी बावीस वर्षं लूमचा जॉबर आहे. बिघडलेला माग ठीक करून चालू करून देणं हेच माझं काम. आता स्प्रिंगा काय असतात ते मी मुंबईवाल्यांकडून शिकायचं होय?

डिसेंबरच्या पंधरा तारखेला कामगार ऑर्केस्ट्रांची स्पर्धा आहे. त्यात गिटारवर एकट्याने वाजवायची तीन मिनिटांची धून असते. तेरा वर्षं ती माझी. पण यंदा टाइम ऑफिसात मुकुंद नावाचा नवा कारकून आला आहे. वय एकतीस, दिवसभर पंख्याखाली बसायचं काम, आणि त्यालाही गिटार येते. हार्मोनियम वाजवणारे भैय्याजी आमचे प्रमुख. काल ते म्हणाले, "धून कोन वाजवन ते दिवाळीनंतर पाहू, चंद्रभान."

तेरा वर्षांनंतर पाहू! माझ्याकडून ती धून गेली तर मी ऑर्केस्ट्रात काय करू, पेट्या उचलू? पण घुमारा परत आला की भैय्याजींची पाहायची गरजच उरणार नाही.

२९ सप्टेंबर

साहेबांना विचारून भंगारातून लूमच्या चार स्प्रिंगा आणल्या. त्या ताणायला दोन माणसं लागली. आवाज असा आला की कुणी बादली जिन्यावरून सोडली असं वाटावं. लूमची स्प्रिंग लूमलाच बरी.

इतवारीच्या जुन्या बाजारातून ग्रामोफोनचं सुईचं डोकं आणलं. घरात मेलेला एक ट्रान्झिस्टर होता, त्याचा स्पीकर काढला, कागद कापून टाकला आणि मधली तारेची गुंडाळी तेवढी ठेवली. ती आवाजाबरोबर पुढेमागे हलते, म्हणजे स्प्रिंगेचं एक टोक तिला चिकटवायचं. दुसरं टोक ग्रामोफोनच्या डोक्याला, सुईच्या जागी, आणि तिथून तार जुन्या रेडिओत, म्हणजे गिटार ॲम्प्लिफायरमधून वाजेल आणि घुमारा रेडिओतून. सगळं तयार आहे. फक्त बारीक, लांब, नरम स्प्रिंग हवी, आणि ती गावात मिळेना.

आज दुपारी जेवताना खिडकीकडे लक्ष गेलं. घास हातातच राहिला.

पडदा ज्या स्प्रिंगेवर ओवलेला असतो, ती!

३० सप्टेंबर

मनकर्णा कामठीला बहिणीकडे गेली होती ते बरं झालं. ती परत आली तेव्हा दोन्ही खिडक्यांचे पडदे सुतळीवर होते. सुतळी मध्ये झोळ खाते हे मला मान्य आहे.

"बाहेरून सारं घर दिसून राहिलं," ती म्हणाली. "आता मी सैपाक करताना लोकं वाटीत काय हाय ते पण पाहतीन."

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

त्यानंतर ती पाठ फिरवून भांडी घासत बसली. पाठ फिरवणं ही तिची नवी खोड आहे. लग्नाआधी ती आमच्याच मिलमध्ये वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, म्हणजे मिलची बोली तिला येते. आमच्या खात्यात सातशे लूम एकदम चालतात. तिथे ओरडून कुणाला काही कळत नाही, म्हणून आम्ही तोंड मोठं करून ओठ हलवतो आणि समोरचा ओठ वाचतो. आवाज काढायची गरजच नसते. आमच्यात तोंड फिरवलं म्हणजे दार लावून घेतलं.

६ ऑक्टोबर, रविवार

घुमला! सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी घुमला!

गिटार, स्प्रिंग, रेडिओ, सगळं जोडलं. पहिली तार छेडली. काही नाही. रेडिओचं बटन वाढवलं. पुन्हा छेडली. आणि आला, बारीक, दूरचा, पण आला. आनंदाने मी मनकर्णेला हाक मारली. ती हातात पळी घेऊन आली आणि दाराशीच थबकली.

"कसं वाटते?"

"विहिरीत पडल्यावानी," ती म्हणाली. "कमी करा ना थोडं."

कमी! ज्याच्यासाठी दोन वर्षं तळमळलो ते आता हाती आलं, तर म्हणे कमी करा. बाईमाणसाला संगीतातली खोली कळत नाही. माझ्या मते एक स्प्रिंग पुरेशी नाही, तीन हव्यात. दोन आपल्या झाल्या. तिसरीसाठी शेजारच्या कौसल्याबाईंकडे शब्द टाकला. त्या मनकर्णेच्या वाइंडिंगमधल्या जुन्या मैत्रीण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मनकर्णेकडे पाहिलं, आणि न कुरकुरता पडदा उतरवून स्प्रिंग हातात दिली. शेजार असावा तर असा.

९ ऑक्टोबर

हल्लीच्या मालात दम राहिला नाही. कुकरची शिटी नीट वाजत नाही म्हणून वॉशर बदलला, तरी तेच. मनकर्णा म्हणाली, "वाजते ते." मग भात करपला कसा? सायकलची घंटी नवी घेतली, ती जुनीपेक्षा मुकी. घड्याळाचा गजर तर असा लाजरा की मला मनकर्णा हलवून उठवते.

एक मात्र चांगलं झालं. मलेरियावाले फवारून गेले तेव्हापासून रातकिडे साफ गेले. मनकर्णा म्हणते आहेत. तिचा विरोधासाठी विरोध.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज परीक्षा झाली. भैय्याजी, आमचा बोंगोवाला रुपराव आणि मुकुंद, तिघे घरी आले. भैय्याजी लूमवर तीस वर्षं, रुपराव सव्वीस, म्हणजे अनुभवी कान. मुकुंदला बोलावलं नव्हतं, तो भैय्याजींच्या सायकलवर मागे बसून आला.

मी धून वाजवली, तिन्ही स्प्रिंगा लावून.

"छान हाय गा," भैय्याजी म्हणाले, "पन थोडं वाढव."

वाढवलं.

"अजून," रुपराव म्हणाला. "आता मजा येऊन राहिली. अजून थोडं होऊ दे."

बटन शेवटाला टेकलं तेव्हा दोघांनीही माना डोलावल्या. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बाहेर ओट्यावर झोपणारं कुत्रं उठून गेलं, ते संध्याकाळपर्यंत आलं नाही, बहुधा कुठे जेवण असेल. मनकर्णा चहा घेऊन आली तेव्हा तिच्या कानात कापूस होता. थंडी अजून पडायची आहे, पण तिला आधीच सर्दी होते.

मुकुंद एकटाच भिंतीला टेकून उभा. चेहरा कडू औषध प्याल्यासारखा.

"चंद्रभानभाऊ," तो म्हणाला, "एवढं ठेवलं तं धून समजत नाही. एका सुरावर दुसरा सूर चढून राहिला. अर्ध्यावर आणा. आणि तिसरी तार जराशी उतरली हाय."

"उतरली?" मी भैय्याजींना विचारलं.

"मले तं बरोबर लागली," भैय्याजी म्हणाले.

दोन विरुद्ध एक. मी मुकुंदला समजावलं की ऑफिसात बसून कान तयार होत नाहीत. मत्सर माणसाला किती खाली आणतो!

१४ ऑक्टोबर

मुकुंदचं बोलणं डोक्यातून जात नाही. तिसरी तार पाहिली. बरोबर आहे. म्हणजे मला बरोबर वाटली.

२७ ऑक्टोबर, रविवार

नवं संकट. स्प्रिंगेला धक्का लागला की आकाश कोसळल्यासारखा आवाज होतो. कौसल्याबाईंनी पलीकडे मिरची कुटायला घेतली की आमच्याकडे वीज पडते. दसऱ्याला मी स्प्रिंगा बसवलेल्या पेटीला झेंडूचा हार घातला, तेवढ्याने असा गडगडाट झाला की मनकर्णेच्या हातातली आरती खाली पडली.

सायकलची जुनी ट्यूब कापून चार पट्ट्या केल्या आणि त्यांच्यावर स्प्रिंगांची चौकट पेटीच्या आत लोंबकळत ठेवली. आता मिरची चालते. उडी मारलेली अजून चालत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आज मी मोठा शोध लावला.

तीनपैकी एक स्प्रिंग सैल असावी असा संशय होता. मागातलं बेअरिंग खराब झालं की जॉबर काय करतो? पेचकसाचं टोक बेअरिंगला लावतो, मूठ कानामागच्या हाडावर दाबतो, आणि आतली खरखर ऐकतो. तेच केलं. डाव्या हाताने तार छेडली, पेचकस पेटीला लावून मूठ हाडावर दाबली.

देवा! काय सांगू! तोच घुमारा, दोन वर्षांपूर्वीचा. तार थांबली तरी आवाज सरेना. बारीक होत होत, दोऱ्यासारखा लांब जाणारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तसाच हाडावर पेचकस दाबून मी कितीतरी वेळ बसून राहिलो, आणि मनकर्णा दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिला म्हणालो, "पाहिलं? पेटीत सगळं आहे. बाहेर येत नाही एवढंच. स्पीकर गेलेला आहे."

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने गेलो तर पदराने डोळे पुसत होती. कांदे चिरले असावेत, पण पाटावर कांदे दिसले नाहीत.

९ नोव्हेंबर

नवा स्पीकर बसवला. पेचकसाशिवाय आवाज कोरडाच. दुकानदाराने जुना माल नवा म्हणून दिला.

१४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. यंदाचे फटाके अगदी फुसके. रुपरावनेही तेच म्हटलं. दारूत भेसळ आहे यावर आमचं एकमत झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

धून मला मिळाली!

आणि गंमत अशी की भैय्याजींनी तोंड उघडायच्या आत मुकुंदच म्हणाला, "धून चंद्रभानभाऊच वाजवतीन. तेरा वर्षापासून त्याहिची हाय." मी चाट पडलो. पोरगा हार मानायला शिकला, चांगली गोष्ट आहे. घरी येऊन सांगितलं तर मनकर्णेला आश्चर्यच वाटलं नाही. म्हणाली, "मले वाटलंच होतं."

आणखी एक नोंद करून ठेवतो. माझ्या गिटारीच्या खुंट्या फार पक्क्या आहेत. मागच्या दोन तालमींत मला एकदाही सूर लावावा लागला नाही. तालमीच्या आधी मी चहा घ्यायला जातो, परत येतो तो तारा लावलेल्याच. आज आलो तेव्हा मुकुंद गिटार मांडीवर घेऊन बसला होता. "धूळ पुसून राहिलो," म्हणाला. मी सांगितलं, रोज पुसत जा.

८ डिसेंबर, रविवार

आज तालमीला मनकर्णा आली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणे डबा विसरलात. डबा मी विसरलो नव्हतो, रविवारी मी डबा नेतच नाही.

डबा देऊन ती निघाली आणि दाराशी मुकुंदशी बोलत उभी राहिली. बराच वेळ. मी पाहतो आहे हे लक्षात येताच दोघांनी तोंडं भिंतीकडे फिरवली. माझ्याच घरची माणसं माझ्याशी दार लावून घेतात! मी धून वाजवायला घेतली आणि बटन शेवटाला नेलं, तेवढं तरी माझ्या हातात होतं. मुकुंदने येऊन पुन्हा विनवलं, "भाऊ, निदान स्पर्धेत तं अर्ध्यावर ठेवजा." मी रुपरावकडे पाहिलं. रुपरावने ओठांनी विचारलं, काय म्हणते तो? मी ओठांनी सांगितलं, जळते.

घरी येताना मनकर्णेला विचारलं, काय बोलत होती. ती म्हणाली, "तुमच्याच भल्याचं."

मला हे भलं समजून घ्यायचं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

काल स्पर्धा झाली. मिलमध्ये आज खाडा टाकला. जे झालं ते एका बैठकीत लिहून काढतो, नाहीतर पुन्हा लिहायची छाती होणार नाही.

सभागृह भरलं होतं. पाच ऑर्केस्ट्रा होते, आमचा नंबर चौथा. पेटी मी टेबलावर ठेवली, चारी बाजूंनी खुर्च्या लावल्या, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. तिसऱ्या रांगेत मनकर्णा आणि कौसल्याबाई बसल्या होत्या. स्टेजचा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता.

मी बटन शेवटाला नेलं आणि धून सुरू केली. पहिल्या ओळीलाच लोक खुर्च्यांत सरळ झाले. मला वाटलं, पकडलं. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने दोन्ही कानांत बोटं घातली. परीक्षक एकमेकांकडे पाहू लागले. मी दांडा फिरवत होतो आणि मनकर्णेचा चेहरा शोधत होतो. तिची मान कौसल्याबाईंकडे वळली होती.

कौसल्याबाई तिला काहीतरी विचारत होत्या. मनकर्णेने उत्तर दिलं, त्यांना कळलं नाही, माझ्याच पेटीचा गोंगाट इतका होता. मग मनकर्णेने तोंड मोठं केलं आणि वाइंडिंगमध्ये बोलत असे तसं, एक एक शब्द ओठांनी कोरून सांगितलं.

"त्याहिले ऐकू येत नाही वं. दोन वर्ष झाले."

कौसल्याबाईंनी काही विचारलं. मनकर्णा पुन्हा ओठांनीच म्हणाली, "सांगू कशी? समजलं तं गिटार सोडून देतीन. गिटार सोडली तं हा माणूस जगन काय?"

बावीस वर्षांत मी हजारो वाक्यं अशी वाचली असतील. एवढं स्वच्छ एकही वाचलं नव्हतं.

हात चालूच होते. लूमवर काम केलेल्या माणसाचे हात आपोआप थांबत नाहीत. पण डोक्यात एकेक गोष्ट सरळ होत गेली. रातकिडे असणार. शिटी वाजत असणार. मुकुंद धूळ पुसत नव्हता. आणि स्पीकरवाल्याला मी त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं होतं.

धुनेचा अर्धा भाग उरला होता. मी घुमाऱ्याचं बटन पकडलं आणि शून्यावर आणून सोडलं. एकदम सगळं कोरडं झालं. माझ्यापर्यंत येत होतं ते फक्त टक्, टक्. बाकीचं मी बोटांवर वाजवलं. दांडा कुठे ठेवला की कोणता सूर येतो हे तेरा वर्षांत हाताला पाठ झालं आहे, आणि तारा मुकुंदने लावलेल्या होत्या. घाम माझ्या हनुवटीवरून गिटारीवर पडत होता. शेवटचा सूर लावला आणि मान वर केली. लोक टाळ्या वाजवत होते. किती जोरात, ते सांगता येत नाही.

पाचांत आमचा चौथा नंबर आला. परीक्षकांनी लिहून दिलं की धुनेचा उत्तरार्ध गोड, पूर्वार्धात कोणतं गाणं होतं ते समजलं नाही. भैय्याजी चिडले. "परीक्षकाले कान नाही," ते म्हणाले. "मस्त घुमून राहिलं होतं, मधातच काहून बंद केलं गा?" मी त्यांच्याकडे आणि रुपरावकडे पाहिलं. मनात हिशोब केला, तीस वर्षं, सव्वीस वर्षं. हे माझे परीक्षक होते! इतक्या दुःखातही मला हसू फुटलं आणि ते आवरेना. त्यांना वाटलं मला चौथ्या नंबरचा धक्का बसला.

घरी पोहोचलो. मनकर्णा चूल पेटवायला वाकली. मी म्हणालो, "माझ्याकडे तोंड कर."

तिने केलं. एका नजरेत तिला कळलं.

"तुम्ही वाचलं," ती म्हणाली.

"तिसरी रांग होती. सातवीत बसली असती तरी वाचलं असतं."

मग ती रडली, मीही रडलो. भांडण असं झालं नाही. फक्त एवढं विचारलं की दोन वर्षं का नाही सांगितलं. ती म्हणाली, "रोज सकाळी वाटे आज सांगतो. मंग तुम्ही घंटीले शिव्या देत सायकलवर बसा, अन् मले हसू येये. हसू आलं की सांगणं राहून जाये." मला राग यायला हवा होता. आला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

काल कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कानात बॅटरी टाकून पाहिलं, मग माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ तिथे काय करत होते ते मला कळलं नाही. नंतर मनकर्णेने सांगितलं की ते माझं नाव, गाव, वय विचारत होते.

मळ वगैरे काही नाही. आतली नस लूमने खाल्ली. पेचकसाने ऐकू आलं ते पेटीचा थरथराट थेट हाडाला जोरात लागला म्हणून. गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळायचं. कानात कापूस घालून काम करा, जमलं तर खातं बदला, पुढे यंत्र लावू, असं म्हणाले. मिलमध्ये बावीस वर्षं कापसाच्या ढिगात काढली, आणि कानात घालायला बोळा घ्यावा हे कधी सुचलं नाही.

आज भैय्याजींना सांगायला गेलो. आपल्या सगळ्यांचंच असं असेल, तुम्हीही दाखवून घ्या, असं समोर बसून समजावलं. ते म्हणाले, "मले काहीच झालं नाही. तूच आजकाल हळू बोलून राहिला."

मुकुंदकडे जाऊन माफी मागितली. तो ओशाळला. "भाऊ, मले तुमची जागा नव्हती पाहिजे," म्हणाला, "तुमच्यासंग बसून शिकाचं होतं." स्पीकरवाल्याचीही मागितली. तो खूश झाला आणि आणखी एक स्पीकर घ्या म्हणाला.

संध्याकाळी पेटी उघडली, स्प्रिंगा सोडवल्या आणि पडदे पूर्ववत लावले. गिटार कापडात गुंडाळून पलंगाखाली सरकवली. उद्या मुकुंदला देऊन टाकणार.

२९ डिसेंबर, रविवार

गिटार दिली नाही. का, ते लिहितो.

सोमवारी पावणेसहाला कामावरून आलो तर खिडक्यांवर पुन्हा सुतळी, पडद्यांना झोळ. तिन्ही स्प्रिंगा टेबलावर मांडलेल्या. कौसल्याबाईंचीही पुन्हा उतरवून आणलेली. मनकर्णा म्हणाली, "जोडा."

"कशासाठी? मला समजत नाही किती ठेवायचं."

"मले समजते ना," ती म्हणाली. "माझे कान काय मिलनं नेले नाहीत. वाइंडिंग मी चार वर्षांत सोडलं."

मी जोडत नव्हतो. पाच दिवस स्प्रिंगा टेबलावर तशाच पडून राहिल्या आणि येणारे-जाणारे खिडकीतून आमचं जेवण पाहत राहिले. आज सकाळी शेवटी ती पाट ओढून माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. म्हणाली, "लग्नाआधी मी वाइंडिंगच्या दाराशी उभी राहून तुमची तालीम ऐको. खरं सांगतो, तेव्हा तुमचं तोंड पण धड पाह्यलं नव्हतं, गिटारच ऐकली होती. ते जर बंद झालं तं मी कोनासंग राहू?"

एवढं ती मला आधी कधी बोलली नव्हती. मी पेटी जोडली.

गिटार मांडीवर घेतली. तारा कालच मुकुंद येऊन लावून गेला, या वेळी माझ्यासमोर बसून. बटन शून्यावर ठेवून मी धून सुरू केली, आणि नजर मनकर्णेच्या तोंडावर. तिने बोट वर केलं. मी बटन थोडं फिरवलं. तिने पुन्हा बोट वर केलं. आणखी थोडं. मग तिचे डोळे बारीक झाले, तिने हात आडवा केला, मी जरासं मागे घेतलं. बटन अर्ध्याच्याही खाली होतं. मुकुंदचंही अर्धं जास्तच होतं म्हणायचं.

धून पुरी वाजवली. माझ्याकडे टक्, टक्, आणि मधून एखादा धागा. पण तिच्या चेहऱ्यावर मी सगळी धून पाहिली. सूर लांबला की तिची मान किती वेळ डुलत राहते ते मोजता येत होतं. शेवटची तार छेडून मी हात उचलला आणि थांबलो. ती अजून ऐकत होती. मग तिची मान स्थिर झाली, आणि तेव्हा मला समजलं की सूर आता संपला.

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता गोड लागते."

हे ती मोठ्याने बोलली की नुसते ओठ हलवले, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.